बंगळूरला दोघंच

मुलुंडच्या आमच्या चाळीत शेजारच्या मित्राचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, नवरा-बायकोला धड भांडायलाही जागा नव्हती. एका संध्याकाळी दोघं आमच्याकडे आली. मी ऑफिसच्या कामाने बंगळूर पाहून आलो होतो, म्हणून त्यांना सल्ला हवा होता.

“चार दिवस, फक्त आम्ही दोघं. झकास हॉटेल सांग ना यार!”

त्याची बायको लाजून हसली. मी बागा सांगत होतो, कॉफी कुठे प्यायची ते सांगत होतो, आणि माझी बायको त्या दोघांकडे एकटक बघत होती. तिला मी लग्नानंतर कुठेच नेलं नव्हतं. याला मात्र वर्षाच्या आत हे सुचलं होतं. मला ते खुपलं.

तेवढ्यात त्याची आई विरजण मागायला आली. मी म्हटलं, “काकू, तुम्हीपण जा ना. म्हैसूर तिथून जवळच, चामुंडीचं दर्शन होईल.”

काकूंचा चेहरा उजळला. “नेशील का रे मला?”

आईला देवीच्या दर्शनाला नाही कोण म्हणणार? त्याने मान हलवली. सून उठून गेली.

परत आल्यावर काकू स्वतः प्रसाद घेऊन आल्या. “तुझ्यामुळे घडलं रे!” मी दोन्ही हात पुढे केले.

“माझा तिथे ठेवा काकू, नंतर घेते,” माझी बायको म्हणाली.

काकू गेल्यावरही तिने तो घेतला नाही.