खंडेनवमीच्या पाटावरची किरणबंदूक

आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस इवलीशी बंदूक घडवत बसतो, हे सासरी सांगण्याचे धैर्य मला बरेच दिवस झाले नाही. साताऱ्याच्या संग्रहालयात काचेआड पाहिलेले एक जुने ठासणीचे पिस्तूल माझ्या मनात बसले होते. त्याच्याच वळणाची, पण परग्रहावर शोभावी अशी किरणबंदूक मी सांगलीच्या घरी पितळेत घडवली. शिसवी मूठ, नळीवर चकत्यांची माळ, टोकाला हिरवा काचमणी. आणि सगळी मिळून करंगळीएवढी.

माझे सासरे निवृत्त सुभेदार. कडेगावजवळच्या त्यांच्या घरी खंडेनवमीला प्रत्येकाचे हत्यार पाटावर पूजेला लागते. सासऱ्यांची तलवार, मेव्हण्याचा ऊसतोडीचा कोयता आणि दरवर्षी माझे शाईचे पेन. यंदा पत्नीने मला न विचारता माझ्या पिशवीतली किरणबंदूक काढून पेनाशेजारी मांडली. माझ्या लक्षात आले तेव्हा तिच्यावर हळदकुंकू, अक्षता पडल्या होत्या, आणि पूजेतले हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत.

"दाजी, ह्यानं डास तरी मरतोय का?" मेव्हण्याने विचारले. सगळे हसले. त्याच्या थट्टेची मला सवय होती. पण सासरे हसले असते, तर ते काम मी पुन्हा हाती धरले नसते.

त्यांनी चष्मा लावला आणि पाटावर ओणवे झाले.

"गप रं. पावणं, ठासणीची हाय?"

"नाही मामा, किरणांची."

"रेंज किती?"

"अजून... ठरवलेली नाही."

"आन् सेफ्टी कुटं हाय?"

"राहिली," मी म्हणालो. चाप रोखून धरणारा तो खटका मी बसवलाच नव्हता. प्रयोगवही अपुरी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांचा चेहरा कसा होतो, ते मला आतून कळले.

मग त्यांनी नळीच्या रोखाने पाहिले. समोर जेवणाची पंगत मांडलेली होती.

"भरल्याली असू दे न्हाईतर रिकामी. हत्याराचं त्वांड माणसाकडं नसतंय."

"आवं आबा, करंगळीएवडी हाय ती!" मेव्हणा म्हणाला.

"म्हनून काय झालं? पंगत उचला."

बंदूक हलवता येत नव्हती, म्हणून माणसे हलली. बसायचे पाट, ताटे, पुरणपोळ्यांची परात असे सगळे मागच्या पडवीत गेले. ज्याला पाणी हवे होते, तोही पूजेच्या पाटाला लांबून वळसा घालून माठाकडे जात होता. "दाजी, तुमचं पेनच बरं हुतं की वो!" आमटीचे पातेले सावरत मेव्हणा म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी सासऱ्यांनी स्वतः ती उचलली, नळी जमिनीकडे धरली आणि मूठ माझ्या हाती दिली. "फुडच्या टायमाला सेफ्टी बशीवल्याशिवाय आनू नगा."

वॉर्निश ओले असताना मी ती नेली होती, त्यामुळे मुठीवर अक्षतेचा एक दाणा कायमचा चिकटला आहे. सध्या मी सेफ्टी घडवतो आहे. ती तिळाएवढी असल्याने चिमट्यातून निसटून सारखी पलंगाखाली जाते. ती शोधायला वाकण्यापूर्वी मी बंदुकीची नळी भिंतीकडे वळवून ठेवतो.