मोटारसायकल ढकलत आलेले बाबा

मंडळी, आज माझी एक फेरी चाळीस मिनिटं उशिरा संपली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

तुम्हाला माहीतच आहे, महिनाभराच्या पळण्याच्या स्पर्धेत येडगाव धरणाजवळच्या एकाच रस्त्यावर आम्ही रोज फेऱ्या मारत पळतोय. आज एकविसावा दिवस. दुपारी डांबराची धग बुटातून वर येते.

पहिल्या आठवड्यापासून एक म्हातारे बाबा मोटारसायकल थांबवून म्हणतात, "बस पोरी मागं, सोडतो." मी पळता पळता "नको बाबा" म्हणते आणि पुढे जाते.

आज ते चिडलेच. "माझ्या गाडीवर बसायची लाज वाटती व्हय?"

मग मात्र मी थांबले. सांगितलं की गाडीवर बसले तर स्पर्धेतून बाद होईन.

"आधी न्हाई का सांगायचं!" त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि ती ढकलत माझ्याबरोबर चालायला लागले. "एवढ्या उन्हात एकटीला कसं सोडायचं?"

मला पळायचं होतं, पण त्यांना मागं टाकून पळवेना. चालत राहिले. त्यांनी कांद्याची काढणी, बिबट्या, नातीची परीक्षा, सगळं सांगितलं.

फेरी संपते तिथला आमचा स्पर्धेचा तंबू दिसला तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुमचं घर कुठं?"

"ते मगाशीच मागं राह्यलं की."

गाडी वळवून ते निघूनही गेले.

उद्या ते परत थांबले तर काय म्हणू? "नको बाबा" तर आता तोंडातून निघणार नाही.