शेषरावाची पहाटेची मोट

पातूरच्या मराठी शाळेत मी एकोणीस वर्षं मास्तर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारनं शाळेला घड्याळ दिलं होतं, पण ते चालण्यापेक्षा थांबलेलंच जास्त असे. मी उठायचो शेषराव माळ्याच्या आवाजावर. शाळेमागे त्याचा भाजीचा मळा होता. उजाडायच्या आत तो विहिरीवर मोट धरायचा आणि बैलांना हाकताना असा गळा मोकळा सोडायचा, की अख्ख्या आळीची झोप उडायची. मी पुष्कळदा चिडलो, पण शाळेला उशीर कधी झाला नाही.

मोटेचं काम दोघांचं. शेषराव बैल हाकायचा आणि त्याची बायको मनकर्णाबाई वाफ्यांतून पाणी फिरवायची. मधल्या केळींमुळे त्याला वाफे दिसत नसत, म्हणून तो ओरडून विचारायचा, "भरला का वं?" ती "भरला" म्हणाली, की मगच बैल थांबायचे. नाहीतर मोट चालूच.

पन्नाशी उलटली आणि शेषरावाचा उजवा हात थरथरू लागला. गंमत अशी, की हात मांडीवर स्वस्थ असला की थरथरे आणि विळा उचलला की गप्प बसे. पुढे पाय जमिनीला चिकटायला लागले. उंबऱ्याशी आला की तिथेच खिळून उभा राही. आवाज तर इतका बारीक झाला, की हरण्या आणि मोऱ्या, त्याने वासरापासून वाढवलेले बैल, त्याचं ऐकेनासे झाले. मोट धाकट्या भावाकडे, शालिकरामाकडे गेली. पाणी दिलेला वाफा शेषरावाच्या ध्यानात राहत नसे. एकदा त्याने मिरचीला दिवसात तीनदा पाणी सोडलं आणि सगळी मिरची सडवली. कधी दुपारी त्याला कोनाड्याजवळ लहान पोरं बसलेली दिसत. मनकर्णाबाई वाद न घालता तिथे गुळाचा खडा ठेवून देई.

अकोल्याच्या मोरोपंत वैद्यांनी कंपवात सांगितला आणि खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून दिलं. हाताला थोडा उतार पडला. झोपेत हा ओरडतो, हातपाय झाडतो, त्याचं काय, असं शालिकरामाने विचारलं. तेव्हा वैद्य म्हणाले, की त्याबद्दल माझ्या पोथीत काही नाही. खोटं काही सांगितलं नाही, म्हणून मला तो माणूस आवडला.

एका सकाळी मनकर्णाबाई वांगी घेऊन दारी आली, तर तिचा डोळा काळानिळा. मी काही विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा तडक मळ्यात गेलो आणि चार माणसांत शेषरावाला झापलं. म्हातारपणी बायकोवर हात टाकतोस, लाज नाही वाटत, असं बरंच बोललो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसे, रोगाने ते बंद केलं होतं. फक्त डोळ्यांतून पाणी आलं. "मास्तर, मले आठवत नाई," एवढंच तो पुटपुटला.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई रडत आली. शेषराव रोज निजताना शालिकरामाकडून आपले हात चऱ्हाटाने खाटेला बांधून घेत होता. सोड म्हटलं तर ऐकत नव्हता, मास्तर म्हणाले ते खरंच आहे, म्हणत होता. तिने मला सांगितलं, "तुमी बोलून बसले. आता तुमीच पाहा, अन् तुमीच सोडवा."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, मोट धरायच्या वेळेला, मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. शेषराव गाढ झोपेत होता. एकाएकी त्याच्या छातीतून तो जुना आवाज आला. पूर्ण आवाज, कुठे चिरलेला नाही. मोट विहिरीत सोडताना सांगावं तसं त्याने हरण्याला नाव घेऊन मागे सरायला सांगितलं. अंगणात रवंथ करत बसलेला हरण्या उठला, मोऱ्या उठला, आणि दोघे दाव्यानिशी चार पावलं मागे सरले. दिवसा ज्याची कुजबुज ऐकू येत नव्हती, त्याने झोपेत दोन बैल हलवले होते. मी माणूस नास्तिकतेकडे झुकणारा, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

बांधलेले हात मात्र चऱ्हाटाला हिसके देत होते. त्यांत कंप मुळीच नव्हता, नुसतं बळ होतं. मनगटं सोलून रक्त आलं होतं. "भरला का वं?" त्याने विचारलं. पुन्हा विचारलं. मनकर्णाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती.

"अहो, तो विचारतोय. उत्तर द्या की," मी म्हणालो.

झोपेतल्या माणसाला ओ देऊ नये, त्याचा जीव वाट चुकतो, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. म्हणून वर्षभर ती गप्प राहिली होती आणि त्याची मोट थांबत नव्हती. मी म्हणालो, चुकला तर पाप माझं. तिने पदर काढला आणि केळींपलीकडून द्यावी तशी हाक दिली, "भरला."

शेषरावाचे हात सैल पडले. तो कुशीवर वळला. अंगणात बैल खाली बसले. मी त्याच दिवशी मळ्यात जाऊन चार माणसांत त्याची माफी मागितली आणि चऱ्हाट सुटलं.

पुढे तीन वर्षांनी शेषराव बायकोला ओळखेनासा झाला. "बाई, तुमी कोन?" असं तो अदबीने विचारी. पहाटे मात्र हाक येई, "भरला का वं, मनकर्णे?" जागेपणी त्याने तिला कधी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एकदा धीर करून मी तिला त्या काळ्यानिळ्या डोळ्याबद्दल विचारलं. तो झोपेत हातपाय झाडतो हे ठाऊक असून त्या पहाटे ती इतकी जवळ का गेली होती? तिने मान खाली घातली. त्याचा तो जुना आवाज नीट ऐकू यावा म्हणून, ती म्हणाली.

"आता मी दारातूनच ओ देतो, मास्तर. पन लगेच नाई देत. दोन मोटा आनखी चालू देतो."