लायनीमामा आणि शेणाचे कोर्ट

लायनीमामा माणसाकडे बघून बोलत नसत. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या पायांपाशी, खरे तर पायांखालच्या जमिनीवर असायची. कुणाच्या नव्या घरी गेले की घराचे कौतुक राहायचे बाजूला. उंबऱ्यातच उभे राहून, "पाणी इकडं उतरतंय," एवढे सांगून ते मोकळे व्हायचे. माझ्या ग्रंथालयात ते पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कारानंतरचे त्यांचे पहिले वाक्य होते, "मॅडम, तुमची फरशी त्या कपाटाकडं बसलीया." ती खरोखरच बसली होती. पुढे ते कपाट हलवावे लागले.

कोल्हापुरातल्या एका जुन्या जिमखान्यावर ते टेनिसची कोर्टे सांभाळत. कागदोपत्री त्यांची जागा माळ्याची होती. उचगावाहून सायकलवर यायचे, ते उजाडायच्या आत. दोन खुंट्या, सुतळी आणि चुन्याची बादली घेऊन ते रेषा मारायला बसले, की त्यांच्याशी बोलायची सेक्रेटरींचीही टाप नव्हती. त्या रेषांवरूनच त्यांना लायनीमामा हे नाव पडले. खरे नाव आम्हा खेळणाऱ्या पोरांना ठाऊक नव्हते, आणि ते कधी विचारावेसेही वाटले नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा चेंडूमागे धावत कोर्टात शिरले. "ए पोरी! रेघ वली हाय, पाय उचल!" असा आवाज आला आणि मी एक पाय हवेत धरून तशीच उभी राहिले. मामा आले, मला काखेत धरून उचलले आणि रेषेपलीकडे ठेवले. रागावले नाहीत. मी कुठे पाय टेकला होता तेवढे वाकून बघितले आणि परत कामाला लागले.

दर हिवाळ्यात जिमखान्यावर एक खुली स्पर्धा भरायची. सांगली, बेळगाव, पुण्याकडचे खेळाडू यायचे. एका सामन्यात चेंडू रेषेवर पडला की बाहेर, यावरून गावातले एक नामांकित वकील आणि पाहुणा खेळाडू यांच्यात जुंपली. दोघांनी मामांना बोलावले. मामा म्हणाले, "रेघ माजी हाय, डाव तुमचा हाय. माज्यावर ढकलू नगा." आणि ते झारी घेऊन दुसऱ्या कोर्टाकडे निघून गेले.

यथावकाश कोर्टांवर सिमेंट आले, त्यावर हिरवा-निळा रंग आला, रेषाही रंगाच्याच झाल्या. मामांना फाटकावर बसवले गेले आणि तिथूनच ते निवृत्त झाले. स्पर्धाही बंद पडली. माझे खेळणे त्याआधीच सुटले होते. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाले आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात मराठी लेख लिहू लागले. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा आहे. अट एवढीच, की जे लिहाल त्याला कुठेतरी छापून आलेला आधार हवा. ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड होते. त्यांच्या आधाराने मी आमच्या त्या स्पर्धेवर एक लेख तयार केला. विजेत्यांची यादी, उपविजेते, कोणत्या साली पावसामुळे अंतिम सामना लांबला, वगैरे. वरच्या चौकटीत 'पृष्ठभाग' असा एक रकाना होता. त्यात मी 'क्ले' असे भरले आणि विसरून गेले.

त्या एका शब्दासाठी मामा उचगावाहून माझ्याकडे आले होते. मुलाने त्यांना मोबाईल घेऊन दिला होता. त्यात तोंडाने बोलले की शोधता येते, हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा जिमखान्याचे नाव घेतले आणि माझा लेख समोर आला. तो मी लिहिला आहे, हे त्यांना जिमखान्यातल्या कुणी तरी सांगितले.

"ह्ये क्ले म्हंजे काय वो?"

"माती, मामा. मातीचं कोर्ट."

"माती खाली. वर काय हुतं?"

मला एकदम तो वास आठवला. "शेण," मी म्हटले.

"मग तसं लिवा की."

मग त्यांनी मला सगळे सांगितले. खाली मुरूम, त्यावर चाळलेली माती, पाणी, रोलर, आणि वर शेणाचा काला. गायीचे शेण चांगले, म्हशीच्या शेणाचे पापुद्रे सुटतात, असे त्यांचे ठाम मत होते. बायका जाळीपाशी ओणव्या बसत आणि हाताने सारवत सारवत मागे सरकत जात. शेण नसते तर धुरळा उठला असता आणि चुन्याची रेघ तासभरही टिकली नसती.

मी त्यांना आधाराची अट सांगितली.

"आधार? मी हाय की."

"तुम्ही छापलेले नाही आहात, मामा."

हे त्यांना अजिबात पटले नाही. फरशीकडे बघत त्यांनी विचारले, "ह्यात लिवतं कोन?"

"कुणीही."

"मग मी बी कुनीतरी हायच की."

मी त्यांचे खाते उघडून दिले, बदल कसा करायचा ते दाखवले. टंकलेखन त्यांना जमणार नव्हते, पण मोबाईलशी बोलता येत होते. त्यांनी घरी जाऊन पहिला बदल केला. लेखात मधोमध असे आले: 'कोर्ट शेणानं सारवलेलं हाय. क्ले बिले काय न्हवतं. मी सोता तिथं हुतो.'

दूर कुठे तरी बसलेल्या एका प्रचालकाने, म्हणजे ज्ञानकोशावर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकाने, तो तासाभरात काढला. मामांनी पुन्हा घातला. त्याने पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी 'खोडसाळपणा' असा शेरा मारून त्याने मामांचे खाते आठवडाभरासाठी बंद केले. मी त्या माणसाला फार दोष देत नाही. मराठीत शेण म्हटले की आधी शिवीच आठवते, आणि टेनिसच्या लेखात कुणी शेण आणून टाकले तर मीही तेच केले असते.

मामा आले तेव्हा मोबाईल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"खोडसाळ म्हंजे वाईट चालीचा न्हवं?"

"तसं नाही मामा. मुद्दाम बिघडवणारा."

"मग त्येच की," ते म्हणाले. "उभ्या जल्मात मी कोर्टातलं एक ढेकूळ बिघडवलं न्हाय."

चहा मागवला होता तो त्यांनी घेतला नाही. मी प्रचालकाला सविस्तर लिहिले. त्याचे उत्तर सभ्य होते: गैरसमज झाला, खाते सुरू केले आहे, परंतु आधार मिळाला तर बरे. नियमाने तो बरोबर होता. 'क्ले' हा शब्द मी कुठल्या आधारावर भरला होता, हे मात्र त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

त्यानंतर मामा दर गुरुवारी ग्रंथालयात येऊ लागले. नळावर हात धुवायचे, धोतराला पुसायचे आणि वर्तमानपत्रांचा एक खंड पुढ्यात घेऊन बसायचे. फक्त खेळाचे पान. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. स्पर्धेच्या बातम्यांत विजेते होते, प्रमुख पाहुणे होते, हार कुणी घातला आणि आभार कुणी मानले तेही होते. कोर्टाबद्दल अवाक्षर नव्हते. "ज्याच्यावर खेळले त्येचं नाव न्हाय कुटं," एवढे एकदा ते म्हणाले. पावसाळा आला आणि गेला, आमचे खंड चालूच होते.

शेवटी आधार मला सापडला, पण तो दाखवायचे धाडस होईना. वाचकांच्या पत्रव्यवहारात, बाहेरगावाहून आलेल्या एका खेळाडूने लिहिलेले पत्र होते. आजच्या काळातही इथे शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळावे लागते, कपडे दोनदा धुतले तरी वास जात नाही, चेंडू उसळत नाही आणि पडायची तर सोयच नाही, असा त्याचा एकूण सूर होता. त्या गुरुवारी मी तो खंड कपाटात ठेवला. पुढच्या गुरुवारी काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि कामाचे निमित्त करून बाजूला झाले.

परत आले तेव्हा त्यांचे बोट पत्राच्या शेवटच्या ओळीवर होते.

"ह्ये छापलंय न्हवं?"

"हो."

"तारीख हाय?"

"आहे. पण मामा, त्यानं नावं ठेवलीयत."

"वास येतच हुता की. खोटं काय लिवलंय त्येनं?" ते म्हणाले. "चेंडू बी बसायचाच. ते बी घाला. निम्मं कशापायी?"

तसे ते घातले. 'स्पर्धेची कोर्टे शेणाने सारवलेली असत. चेंडूची उसळी कमी असल्याची तक्रार एका खेळाडूने केली होती.' खाली वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान. हे वाक्य आजवर कुणी काढलेले नाही.

ते वाक्य बायकोला वाचून दाखवायला मामा मला उचगावला घेऊन गेले. हौसाकाकी दारातल्या बाजेवर बसल्या होत्या. गुडघे गेलेले, म्हणून उठल्या नाहीत. कोर्ट सारवणाऱ्या बायकांत त्या होत्या, हे मला तिथे कळले. मामांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाक्य वाचले. काकींनी ऐकून घेतले.

"रोज न्हवं सारवत. एक दिसाआड," त्या म्हणाल्या.

"ते छापलेलं न्हाय," मामा म्हणाले. आवाजात थोडी ऐट होती.

निघताना ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. "हिचं नाव बसंल काय कुटं त्यात?" त्यांनी विचारले. मी म्हटले, आधार नाही. मग मला वाईट वाटून मीच एक वाट सुचवली. मी रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहिते, त्यात काकींचे नाव घालते, आणि तो छापून आला की तोच आधार म्हणून देता येईल. मामांनी पायाने एक खडा बाजूला केला.

"म्हंजे तुमीच लिवनार आनि तुमीच साक्ष काडनार. न्हाय मॅडम. ते बरं न्हाय."

पुन्हा हा विषय त्यांनी माझ्याकडे काढला नाही. लेखावर मात्र त्यांचे काम चालू राहिले; एका बोटाने एकेक अक्षर दाबायला ते एव्हाना शिकले होते. कुठे वेलांटी चुकली, कुठे जागा जास्त सुटली, ते सुधारायचे. एका घराण्याने आपल्या आजोबांना परस्पर विजेतेपद बहाल केले, तेव्हा मामांनीच मला फोन करून विचारले, "ह्ये छापलंय काय?" छापलेले नव्हते. त्यांनी आजोबांना काढून टाकले.

गेल्या वर्षी मामा वारले. दोन दिवस छातीत दुखत होते, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मुलाने मला कळवले तोवर सगळे आटोपले होते.

काही आठवड्यांनी ग्रंथालयात बसून मी त्यांच्या खात्यावरच्या बदलांची यादी उघडली. ज्ञानकोशात बदल जतन करताना खाली एक छोटी चौकट येते. काय बदलले ते तिथे एका ओळीत लिहायचे असते. लेखात ती ओळ दिसत नाही, बदलांच्या इतिहासात राहते, आणि तिथे आधार मागत नाहीत. ही चौकट रिकामी सोडू नका, एवढे मी मामांना शिकवले होते. सुरुवातीच्या ओळी साध्या होत्या: 'वेलांटी दिली.' 'जागा काढली.' आम्ही उचगावला गेलो त्या दिवसापासूनच्या ओळी अशा होत्या: 'स्वल्पविराम दिला. सारवण हौसाबाईनं केलतं.' 'अनुस्वार काढला. सारवण हौसाबाईनं केलतं.' खालपर्यंत प्रत्येक बदलाला हे जोडलेले होते. काही दिवशी त्यांनी एक स्वल्पविराम घालून दुसऱ्या दिवशी तो काढलेला होता.

मी यादी बंद केली. दुपारी सुट्टी टाकून उचगावला गेले.

काकी बाजेवरच होत्या. चौकट म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितले आणि सगळ्या ओळी एकामागून एक वाचून दाखवल्या. त्या पदराने तोंड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोन पुसून टाकंल काय ते?"

"नाही. ते तसंच राहतं."

"मग ह्येनं असं कसं लिवलं?" त्या एकदम चिडल्या. "मी एकटीनं केलतं व्हय? पाच जनी हुतो आमी. ह्येला कवा अक्कल येनार हाय? शेवंता हुती. हुसेनबी हुती. गडहिंग्लजकडची रत्नव्वा, तिचा हात तर माज्यापरीस चांगला हुता. आनि बावड्याची एक..."

मी मोबाईल काढला. लेखात एक जागा शोधली आणि स्वल्पविराम दिला. खालच्या चौकटीत चार नावे लिहिली. पाचव्या नावासाठी थांबले.

"कसबा बावड्याची," काकी म्हणाल्या. "उंच हुती. तंबाखू खायाची. नाव बग आता..."

त्या डोळे मिटून बसल्या. मीही बसले. गल्लीत दुधाची गाडी येऊन गेली, शेजारणीने चहा आणून ठेवला, तो आम्ही प्यालो. नाव आठवले नाही.

"ऱ्हाऊ दे," काकी शेवटी म्हणाल्या. "'बावड्याची एक' असंच लिव आज. आठवलं की फोन करते, मग अजून एक स्वल्पविराम दे."