आक्काआत्याची वीत

आक्काआत्या फोनवर बोलायला लागली की वडील फोन कानापासून लांब धरायचे. चिकलठाण्यात कामगारांसाठी तिची मेस होती. शेगडीच्या आणि भांड्यांच्या गोंगाटात ओरडूनच बोलायची सवय लागलेली. तोच आवाज घेऊन ती पैठणजवळच्या आमच्या शेतावर यायची. बांधावरून "बापू!" अशी हाक मारली की शेजारच्या रानातले लोकही वळून बघत. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मेस उभी केली, मुलाला वाढवलं. माहेर म्हणून तिला हा एकच धाकटा भाऊ, माझे वडील.

मेसमध्ये ती बटाटा कधी कापत नसे. सोलून अख्खाच रश्शात सोडायची. म्हणायची, "फोड विरघळून जाते गं. अख्खा बटाटा ताटात दिसला की माणसाला वाटतं, आपल्याला कुणीतरी वाढलंय." त्यासाठी तिला अंड्याएवढे बटाटे लागत. वडिलांच्या शेतातला बटाटा मात्र मुठीत मावत नसे. दीड-दीड वीत अंतर सोडून ते बेणं लावायचे, आणि त्या मोठ्या बटाट्यांचा त्यांना भारी अभिमान.

एका वर्षी लागवडीच्या दिवशी आक्का सकाळच्या एसटीनं हजर झाली. पदर खोचून थेट सरीत बसली.

"बापू, अर्धं रान माझ्या हिशोबानं लाव. वितीवर एक."

"लई दाट होतंय आक्का. सगळ्या गोट्या निघतील."

"मला गोट्याच पायजेत. अन् झाडं जास्त, तर मालबी जास्त."

"बेणं किती जादा जाईल?"

"जाऊ दे."

मोठ्या बहिणीपुढं वडिलांचं कधी चाललं नाही. आक्का मातीवर वीत टेकवत, सरकत सरकत एकेक बेणं ठेवत गेली. वडील उरलेल्या अर्ध्यात, तिच्याकडं पाठ करून.

दाट लावलेली बाजू आधी हिरवीगार झाली. सऱ्यांमधली माती दिसेना. आक्का खूश होती. मग आभाळ भरून आलं, सकाळचं धुकं हटेना, आणि नेमके त्याच बाजूच्या पानांवर करप्याचे काळे डाग दिसले. "हवेला जागाच ठेवली नाय तू," एवढंच वडील म्हणाले. त्यानंतर त्यांनी फवारणी केली, पण तिच्याशी बोलणं टाकलं. आक्का दर रविवारी यायची, वाकून पानं उलटून बघायची, गुपचूप परत जायची. एकदा चुलीपाशी आईला म्हणाली, "रान त्याचं हाय. ते गेलं तर मी कोणत्या तोंडानं येऊ इथं?" तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

काही दिवसांनी ऊन पडलं. डाग पसरायचे थांबले.

काढणीच्या दिवशी आक्का बांधावरून खाली उतरेना. तिच्या बाजूची पहिली सरी वडिलांनीच कुदळीनं उकरली. झाडाखाली बटाटे थोडे आणि लहान, पण निरोगी. अन् लगेच वितीवर पुढचं झाड, त्याच्याखाली पुन्हा तसेच. संध्याकाळी पोती रचली तेव्हा तिच्या बाजूची थप्पी उंच झाली होती. वडिलांचा बटाटा मोठा निघाला, पोती मात्र कमी भरली.

वडील थप्पीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, बाजाराला माझा, मेसला तुझा. पुढच्या सालीबी असंच लावू."

"बोललास बाबा एकदाचा!" म्हणत ती पोत्यावरच बसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

आता मेस बंद आहे. आक्का मुलाकडं नाशिकला असते. वडील अजूनही अर्धं रान वितीवर लावतात. छोट्या बटाट्याला शहरातली गिऱ्हाइकं मिळाली आहेत. मला मात्र त्या संध्याकाळची एसटी आठवते. पायाशी बटाट्यांचं पोतं ठेवून आक्का खिडकीशी बसली होती. मी हात करायला खाली थांबले, तर गाडी सुटायच्या आधीच तिचा डोळा लागलेला. मी काचेवर टकटक करणार, तेवढ्यात वडिलांनी माझा हात धरला.

"उठवू नको," ते म्हणाले. "लई दिवसांनी झोपली असंल."