ग्रॅमकाकांचा तंबू

ग्रॅमकाका आपले मोजे भाजीवाल्याकडून तोलून घेत. उत्तरेतल्या आमच्या महानगर नावाच्या वसाहतीत ते आमच्या शेजारी राहायचे, बाबांच्याच संस्थेत वनस्पतींवर काम करायचे आणि रजा मिळाली की काकूंना घेऊन कुमाऊंच्या डोंगरात चालायला जायचे. पाठीवरचं ओझं जरा कमी झालं की स्वारी खूश. वसाहतीजवळच्या कपूरथला बाजारातला भाजीवाला दुधी बाजूला सारून त्यांचे लोकरीचे मोजे काट्यावर ठेवायचा आणि अगदी गंभीरपणे वजन सांगायचा. घरात टूथब्रशांच्या दांड्या अर्ध्या कापलेल्या, शर्टांची लेबलं उसवलेली. ग्रॅमकाका हे नाव आम्हा मुलांचंच, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"पाठ हलकी असली की माणूस डोंगर बघतो, जड असली की बूट बघतो," असं ते म्हणायचे. काकू हसायच्या आणि त्यांचा डोळा चुकवून सॅकमध्ये चिवड्याचा डबा सरकवायच्या. वर पोचल्यावर त्यातला निम्मा चिवडा काकाच फस्त करत, असं काकूच सांगायच्या.

त्यांचा तंबू काकांनी परदेशातल्या एका परिषदेहून आणला होता. जेमतेम किलोभराचा, फिकट हिरवा, मधोमध एकच कमान असलेला. तो उभारायचा मान काकूंचा. आधी पायाकडची दोरी ताणायची, मग कमान, मग डोक्याकडची. काकांनी क्रम चुकवला की त्या त्यांना सरळ बाजूला व्हायला सांगत. वर वारा सुटलेला असताना आपण फक्त सॅक धरून उभं राहायचं असतं, असं काका कौतुकानं सांगायचे.

मग काकू विसरायला लागल्या. आधी दूध गॅसवर राहिलं, मग कपूरथल्याहून घरी यायचा रस्ता हरवला. एका दुपारी त्यांनी चादरींबरोबर तो तंबूही गरम पाण्यात, साबण घालून मशीनला लावला. तंबूला साबण लावायचा नसतो म्हणून ज्यांनी मला एकदा झापलं होतं, त्याच काकू. आतला पाणी अडवणारा थर पापुद्र्यांनी निघून आला आणि शिवणी उसवल्या. काका मशीनमधले पापुद्रे वेचत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजार पुढे जातच राहणार, कुठे जायचं असेल तर याच उन्हाळ्यात जाऊन या. काका दुसऱ्या दिवशी आमच्याकडे इंटरनेटवर तंबू बघायला आले. मी तेव्हा कॉलेजात होते. नवे तंबू त्याहून हलके निघाले होते, एक मित्राकडून मागून आणलाही. काकूंनी त्याच्या काड्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि रडायला लागल्या. त्या दिवसापासून काकांना तोच जुना तंबू हवा झाला. कंपनीनं तो बनवणं केव्हाच बंद केलं होतं.

खूप शोधल्यावर तो डेहराडूनच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडे मिळाला. माणूस सरळ होता. फोनवर त्यानंच सांगितलं, "साहब, कपड़ा चिपचिपा हो गया है, टेप उखड़ रही है. बारिश आई तो भीग जाएँगे." काका म्हणाले, कोई बात नहीं, आणि तरी तो दुसऱ्याला विकेल या धास्तीनं रोज त्याला फोन करत राहिले. सकाळचा चहा आमच्याकडे गार व्हायचा आणि हे आमच्या व्हरांड्यात फोन कानाला लावून येरझाऱ्या घालायचे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. मला ते बघवत नव्हतं.

मी त्यांना अडवून बघितलं. गळका तंबू घेऊन आजारी माणसाला डोंगरावर नेणं बरोबर नाही, म्हटलं. ओलं होऊन गारठल्या तर काय कराल, हेही विचारलं. माझं म्हणणं योग्यच होतं, आजही मला तसंच वाटतं. काकांनी फोन खिशात ठेवला.

"तिला आता भाजी चिरता येत नाही, वेणी घालता येत नाही," ते म्हणाले. "पण तिच्या हातांना तो तंबू येतो गं. मला माहीत आहे, येतो. तो उभारला की तिला बाकीचं आठवेल. मीसुद्धा आठवेन."

मीच फोन करून तंबू मागवला.

पार्सल आलं ते ऐन मेमध्ये. संध्याकाळी लूचा गरम वारा पडल्यावर आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मेखा ठोकायला माती नव्हती म्हणून काकांनी चार कोपऱ्यांना विटा आणून ठेवल्या. काकू गाठोड्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या आणि कापड झटकून पसरलं. पायाकडची दोरी ताणली, विटेला बांधली. कमान ओवली, वाकवली, बसवली. डोक्याकडची दोरी ताणून हाताच्या कडेनं एकदा वाजवून बघितली. कुठेही अडल्या नाहीत. काका तोंडावर हात धरून उभे होते आणि मीही रडत होते.

काकू आत गेल्या, आतून कापड सारखं केलं. काका वाकून, चपला काढून त्यांच्या मागे आत शिरायला लागले. काकूंनी त्यांना हातानं अडवलं. त्या काकांशी उभ्या जन्मात हिंदीत बोलल्या नव्हत्या.

"भैया, आप उधर बैठिए," त्या अदबीनं म्हणाल्या. "हमारे साहब आते ही होंगे."

काका तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "जी, बैठ जाता हूँ."

काकूंनी आतून चेन लावून घेतली. काका पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. मी त्यांच्या जवळ जाऊन बसले. ते अगदी हळू बोलले, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

"बघ," ते म्हणाले, "माझी वाट बघतेय."