तोंड बंद असलेला गडू

इतवारीच्या बाजारात मोडीची पितळी भांडी घासाघीस करून घ्यायची, ती वितळवायची आणि जुन्या धाटणीच्या ओतीव समया करायच्या, हा धंदा मी एकट्याने उभा केला. भट्टीवर नियम एकच, तोही शिव्या देऊन शिकवलेला: तोंड बंद असलेलं कुठलंही भांडं छिन्नीने भोक पाडल्याशिवाय मुशीत जाणार नाही. आत चमचाभर पाणी असलं तरी वितळलेलं पितळ बंदुकीच्या छऱ्यांसारखं सुटतं.

बायकोच्या धाकट्या भावाला मीच कामावर ठेवलं होतं. त्या दिवशी मोडीत काशीहून कोणीतरी आणलेला गंगाजलाचा गडू निघाला, कथलाचा डाख लावून बंद केलेला. त्याने तो कपाळाला लावला, हात जोडले आणि तसाच मुशीत सोडला. मी वाकून धातूचा रंग बघत होतो.

आवाज मला ऐकू आलाच नाही. डाव्या डोळ्यात कोणी तापलेला खिळा ठोकल्यासारखं वाटलं. मानेवरची कातडी जळाल्याचा वास आला. उरलेल्या डोळ्याने तो दिसला, तसा हाताला लागलेला लांब चिमटा मी त्याच्या पाठीत घातला.

"भोक काहून नाही पाडलं बे?"

"गंगाजल होतं भाऊजी! फरशीवर सांडलं असतं, पायाखाली आलं असतं. अग्नीले दिलं तर पाप नाही लागत!"

दुसरा तडाखा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. मग शेजारच्या दुकानदारांनी मला धरलं. सासरी आजही त्या खांद्याची चर्चा होते, माझ्या डोळ्याची नाही.

दवाखान्यात पट्टी काढायच्या दिवशी बायकोने त्याला माफी मागायला आणलं. डॉक्टरांनी माझा चांगला डोळा कापूस चिकटवून झाकला आणि विचारलं, "किती बोटं?"

बोटं नव्हती, उजेडही नव्हता. मी हुज्जत घातली. अर्धं तरी दिसेल, निदान सावली तरी. पहिला सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी मानलेला नाही.

"नाही दिसणार," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मेव्हणा बोलला. "चूक झाली भाऊजी. पण तुमचा चष्मा कपाळावर काहून होता?"

भट्टीचे चष्मे मीच आणले होते. घामाने काच धुरकट होते म्हणून वर सारला होता. हे सांगत बसलो नाही. आवाजाच्या दिशेने झेप घेतली, कॉलर हाती लागली आणि त्या अंधारातच त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत सुटलो. नर्स ओरडली, बायको रडली. त्याने एकदाही हात उचलला नाही. त्याचाही मला अजून राग येतो.